काजवे तारखेवर येत नाहीत, तारखा छापू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिना अर्ध्यावर आला की पेपरात (तुमच्याच असं नाही, सगळ्यांच्याच) एक बातमी ठरलेली असते, भंडारदरा परिसरात अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काजवा महोत्सव, खाली हिरव्या ठिपक्यांनी गच्च भरलेल्या झाडाचा फोटो, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी त्याच पानावर दुसरी बातमी, "यंदा काजवे रुसले, पर्यटकांचा हिरमोड". मी अकोले तालुक्यातली, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात आमचा छोटा होमस्टे आहे, संगमनेरला बीएस्सी झूलॉजी केलं होतं, ते शिक्षण चुलीपुढे भाकरी थापताना फारसं कामाला येत नाही पण ही दुसरी बातमी वाचली की डोकं फिरतं म्हणून लिहायला बसलेय. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर माझी ओळख कापा, पुढचं ठेवा.

काजवे रुसत-बिसत नाहीत हो. त्यांचा उजेड पडणार की नाही, कधी पडणार, किती वेळ, किती भरभर, हे सगळं जमिनीतली ओल, हवेतला उबारा आणि अंधार यावर ठरतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कुणाच्या हातात नाहीत, तिसरी आपल्या हातात आहे, आणि नेमकी तिचीच आपण वाट लावतो.

आधी तारखांचं बघू. २०२३ ला मान्सून केरळातच ८ जूनला आला आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. २०२५ ला बरोब्बर उलटं, केरळात २४ मे, मुंबईत २६ मे. म्हणजे दोन वर्षांच्या फरकात पावसाची तारीख अख्खा महिना इकडची तिकडे. आणि काजव्यांच्या जाहिराती? मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा, जवळपास तेच दोन्ही वर्षी, कारण शनिवार-रविवार बघून तारखा ठरतात आणि ॲडव्हान्स एप्रिलातच घेऊन झालेला असतो. २०२३ ला लोक आले तेव्हा माती अजून कोरडी ठणठणीत, पायाखाली पाचोळा कुरकुर वाजतोय, झाडावर कुठं एखादा चुकार काजवा. २०२५ ला आले तेव्हा पाऊस असा लागून राहिलेला की काजवे पानाखाली अंग चोरून बसलेले आणि पर्यटक गाडीत काचा वर करून बसलेले. दोन्ही वेळा दोष काजव्यांना!

आता हे असं का होतं ते नीट सांगते, कारण पेपरात ते कधी येतच नाही. काजवा म्हणजे माशी नाही, तो भुंगेऱ्यांच्या जातकुळीतला किडा, जगात त्याच्या दोन हजारांवर जाती आहेत. आपण जो उडताना बघतो तो फक्त दोन-तीन आठवड्यांचा पाहुणा, बऱ्याच जातींत तर मोठा झालेला काजवा काही खातसुद्धा नाही, जोडीदार शोधायचा, मादीनं ओल्या मातीत अंडी घालायची, संपलं. त्याच्या आधीचं सगळं आयुष्य, म्हणजे कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, अळीच्या रूपात जमिनीवर आणि जमिनीत जातं. अळी मात्र खादाड असते, गोगलगायी, गांडुळं हे तिचं खाणं. जबड्यातून भक्ष्यात रस सोडते, ते भक्ष्य गपगार झालं की त्याचं पातळ झालेलं मांस पिते. आमच्याकडे पावसाळ्यात भाताच्या बांधाला दगडांच्या सांदीत बघायचं असेल तर डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि खाली बघायचं, वर नाही. उघडझाप न करणारा मंद हिरवा ठिपका दिसतो, तुम्ही पाय आपटला की हळूहळू विझतो, थोड्या वेळानं परत लागतो. ती अळी. तिचं चमकणं जोडीदारासाठी नसतं, मी कडू आहे मला तोंड लावू नका असं बेडकाला-पाखराला सांगायला असतं. कित्येक जातींची अंडीसुद्धा अगदी फिकट चमकतात.

मग ही अळी मातीतच कोष करते आणि मातीचा उबारा नि ओल बरोबर जमून आली की बाहेर पडते. आपल्याकडे तो मुहूर्त वळवाचा पाऊस काढतो. एप्रिल-मेची तापलेली जमीन आणि तिच्यावर दोन चांगले वळीव, हे झालं की पुढं काही दिवसांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर असली झाडं पेटायला लागतात. वळीव नाही झाला तर कोष वाट बघतो. वळवाच्या ऐवजी डायरेक्ट धो धो मान्सूनच आला तर बाहेर पडलेल्या किड्याला उडायलाच मिळत नाही. रिमझिम त्याला चालते, जोराचा वारा आणि मुसळधार पाऊस चालत नाही. एवढं सरळ आहे. आमच्या सासूबाई कुठल्याही कॉलेजात गेल्या नाहीत पण मे महिन्यात पाहुण्याचा फोन आला की त्या तारीख सांगतच नाहीत, "वळीव होऊ दे मग ये" एवढंच म्हणतात, आणि पाहुणा म्हणतो मॅडम आम्हाला लीव्ह अप्लाय करायची असते.

हे बाहेर कसं करतात बघा. अमेरिकेत टेनेसी राज्यात ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं नॅशनल पार्क आहे, तिथं एल्कमाँट म्हणून जागा आहे, तिथले काजवे सगळे एका तालात चमकतात म्हणून जगभरात फेमस आहेत. सीझन साधारण आपलाच, मेचा शेवट ते जूनचा मध्य. पण तिथं आधी तारीख छापून मग काजवे शोधत नाहीत. त्या वसंतात मातीचं तापमान कसं चढत गेलं, दिवसाची ऊब किती साठली, याची बेरीज करून शास्त्रज्ञ अंदाज देतात, त्या अंदाजावर आठ-एक रात्री ठरतात आणि मग लॉटरी निघते. हो, लॉटरी! रात्रीला शे-सव्वाशे गाड्यांचे पास, नंबर लागला तर जायचं नाही लागला तर पुढल्या वर्षी. टॉर्चला लाल किंवा निळा जिलेटीन पेपर गुंडाळायचा, तो पण चालताना जमिनीकडे धरायचा, जागेवर पोचलं की बंद. आपल्याकडे शनिवारी रात्री घाटघरच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते तेव्हा मला त्या लॉटरीची फार आठवण येते. आमचा धंदा कमी होईल हे मला कळतं, तरीसुद्धा.

आता उजेडाच्या आतल्या कारखान्याकडे येऊ, मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. काजव्याच्या पोटाच्या टोकाला प्रकाश देणारे पट्टे असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या काजव्यांत नराला दोन पट्टे आणि मादीला एकच, हातावर अलगद चढू दिला आणि पोट बघायला मिळालं तर दिवसासुद्धा ओळखता येतं, फिकट पिठूळ रंगाचा भाग असतो तो. (हातावर चढू द्या म्हणतेय, पकडा म्हणत नाहीये, आणि मच्छर मारायचं क्रीम हाताला फासलेलं असेल तर तेही नको.) त्या पट्ट्यात ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो, ल्युसिफेरेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन असतं, जोडीला मॅग्नेशियम आणि एटीपी, म्हणजे तुमच्याआमच्या पेशीत पण जी ऊर्जेची सुट्टी नाणी फिरतात तीच, आणि शेवटी ऑक्सिजन. ऑक्सिजन मिळाला की उजेड. एटीपीचा हा शोध १९४७ चा, बाल्टिमोरला विल्यम मॅकएलरॉय म्हणून शास्त्रज्ञ होते त्यांनी लावला, त्यासाठी ते गावातल्या पोरांना पैसे देऊन काजवे गोळा करवून घ्यायचे. आज तेच ल्युसिफेरेज दूध डेअरीत नि फॅक्टरीत भांडं स्वच्छ धुतलंय का हे तपासायला वापरतात, जंतू असतील तर त्यांचं एटीपी असतं आणि मग चाचणीत उजेड पडतो. आता ते एन्झाइम प्रयोगशाळेत जंतूंकडून बनवून घेता येतं, त्यासाठी काजवे पकडावे लागत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्यांना मात्र अजून बिसलेरीच्या बाटलीत भरून घरी न्यायचे असतात, मुलांना दाखवायला म्हणे, आणि सकाळी बाटली आमच्याच अंगणात पडलेली असते.

हा ऑक्सिजन आत सोडायचा-थांबवायचा कसा हे कोडं फार वर्षं होतं. किड्याला फुप्फुसं नसतात, अंगभर हवेच्या बारीक नळ्या असतात. उजेडाच्या पेशीत आत ल्युसिफेरिन आणि कडेनं मायटोकाँड्रियाचा, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या पेशीतल्या बारीक भट्ट्यांचा पहारा, आलेला ऑक्सिजन कडेलाच संपून जातो, आत पोचत नाही, म्हणून अंधार. मेंदूकडून निरोप आला की नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, तो मायटोकाँड्रियाला क्षणभर थांबवतो, ऑक्सिजन आत शिरतो, चमक! वायू विरला की परत पहारा सुरू. २००१ ला अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या लोकांनी हे मांडलं. हे सगळं सेकंदाच्या आत होतं आणि रात्रभर होत राहतं.

आणि म्हणूनच हवामानाचा परिणाम होतो. काजवा आपल्यासारखा गरम रक्ताचा नाही, जेवढी हवा उबदार तेवढं त्याचं अंग उबदार, आणि मज्जातंतू काय, रसायनं काय, गारव्यात सगळीच मंदावतात. साधारण हिशोब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं तर चमकण्याचा वेग निम्म्यावर येतो. अमेरिकेत अंगणात दिसणारा जो नेहमीचा काजवा आहे त्याचा नर उबदार रात्री साधारण सहा सेकंदांनी चमकतो, गार रात्री हे अंतर लांबतं. खरी गंमत पुढं आहे. मादी गवतावर बसून उत्तर देते, आणि उत्तर ठरावीक वेळ थांबून द्यायचं असतं, त्या थांबण्यावरून नर ओळखतो की ही आपल्या जातीची. गारव्यात तिचं थांबणं पण लांबतं! दोघं एकाच हवेत, दोघांची घड्याळं सारखीच मागं पडतात, त्यामुळे जुळायचं ते जुळतंच. जपानात गेंजी म्हणून काजवा आहे, त्याची अळी पाण्यात राहते आणि पाण्यातल्या गोगलगायी खाते, तो पश्चिम जपानात साधारण दोन सेकंदांनी चमकतो आणि पूर्वेकडे चार सेकंदांनी, जात एकच, आणि त्यावर परत तापमानाचा फरक आहेच. तर आमच्याकडे संध्याकाळी साडेसात-आठला झाड पाहिलं आणि परत अकराला वारा गार पडल्यावर तेच झाड पाहिलं तर ताल ढिला झालेला दिसतो. पाहुणे म्हणतात "दमले वाटतं". नाही दमले, गारठले.

व्हॉट्सॲपवर दरवर्षी एक मेसेज फिरतो की काजव्याचा दिवा शंभर टक्के एफिशियंट असतो, बल्बवाल्यांनी शिका काहीतरी. जुन्या मोजमापात ८८ टक्के धरलेलं होतं हे खरं, पण २००८ ला जपानी शास्त्रज्ञांनी नव्यानं मोजलं तर ४१ टक्क्यांच्या आसपास भरलं, म्हणजे ल्युसिफेरिनचे शंभर रेणू खर्ची पडले तर उजेडाचे एक्केचाळीस कण. तरी कौतुकच आहे, उगाच फुगवायची गरज नाही. आणि रंगसुद्धा परिस्थितीवर आहे, टेस्ट ट्यूबमध्ये तेच रसायन आम्ल केलं किंवा तापवलं तर पिवळा-हिरवा उजेड चक्क लालसर होतो. जिवंत किडा आपल्या पोटात ती परिस्थिती सांभाळून ठेवतो म्हणून तुम्हाला हिरवा दिसतो.

आता अंधाराकडे येते, कारण भांडायचं आहे ते इथंच.

नर चमकतो ते मादीला दिसावं म्हणून, मादी चमकते ते नराला दिसावं म्हणून. मधे तिसराच उजेड आला तर संवाद तुटतो, यात समजायला अवघड काय आहे? चांदण्या रात्री बऱ्याच जातींचे काजवे कमी चमकतात, निसर्गानंच केलेली सोय आहे ती, उजेडात ओरडून काय उपयोग. पण चंद्र मावळतो, हायमास्ट मावळत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात प्रयोग केले, शेतात मुद्दाम दिवे लावून बघितले, तर दिव्याखाली काही काजव्यांचं चमकणंच घटलं आणि काहींच्या जोड्या जमणं घटलं. इंग्लंडमधे वेगळ्या जातीचा काजवा आहे, त्याच्या मादीला पंखच नसतात, ती गवतावर बसून एकसलग चमकते. रस्त्याचा दिवा तिच्या डोक्यावर लागला तर ती बिचारी उडून दुसरीकडे जाणार कशी? त्याच काजव्यांची मोजणी इंग्लंडच्या आग्नेय भागात २००१ पासून चालू आहे, वीस वर्षांच्या आत तिथली संख्या पाऊणभर घटली, चारातला एक उरला, आणि तिथं मुख्य बोट आहे ते तापत-सुकत चाललेल्या उन्हाळ्याकडे, कारण सुकं पडलं की गोगलगाय नाही, गोगलगाय नाही तर अळी उपाशी. २०२० ला जगभरच्या तज्ज्ञांना विचारून यादी केली होती की काजव्यांना सगळ्यात जास्त कशाचा धोका, तर आधी राहायची जागा जाणं, मग माणसाचा उजेड, मग कीटकनाशकं.

आमच्याकडे काय होतं ते ऐका. झाड तालात आलेलं असतं, सगळं एकदम लागतंय एकदम विझतंय, तेवढ्यात वळणावरून गाडी येते अप्पर मारत, आणि अख्खं झाड गप्प. मग इकडून तिकडून एकेक टिचकी, ताल परत धरायला वेळ जातो, तोवर दुसरी गाडी. गेल्या सीझनला एका टूरवाल्यानं (नाव लिहीत नाही, लिहून उपयोग नाही, असे बरेच आहेत) आमच्या वरच्या माळाला जनरेटर लावून हॅलोजन उभे केले, का तर पन्नास माणसांना जेवायला दिसलं पाहिजे. हॅलोजन झाडांपासून हाकेच्या अंतरावर. मी जाऊन म्हणलं की भाऊ दिवे खाली तोंड करा निदान, तर म्हणतो ताई लोकांनी पैसे भरलेत, अंधारात कसं जेवतील. अहो ते अंधार बघायलाच आलेत ना! मोबाईलची बॅटरी तर विचारू नका, प्रत्येकाच्या हातात, प्रत्येकाला काजव्याचा व्हिडिओ काढायचा आणि तो काढायला बॅटरी लावायची.

लाल जिलेटीन का, हे पण सांगते, कारण लोकांना तो नुसता नियम वाटतो. काजव्याचा डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला तल्लख असतो, स्वतःच्याच जातीचा दिवा ओळखायला घडलेला. म्हणून पांढरा एलईडी, पिवळा बल्ब सगळं त्याच्या डोळ्यात घुसतं. लाल उजेड त्याला फारसा दिसतच नाही. अकोल्याच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात लाल जिलेटीन पेपर मिळतो, चार घड्या करून टॉर्चवर रबर बँड लावला की झालं. आम्ही आमच्या पाहुण्यांना गेटवरच लावून देतो, कुरकुर करतात, पाच मिनिटांनी डोळे सरावले की स्वतःच म्हणतात अरे एवढं दिसतं अंधारात.

सगळा दोष पर्यटकांवर टाकते असं नका समजू. गावात पण आता बांधावर तणनाशक मारतात, पार्किंगला म्हणून माळ जेसीबीनं सपाट करतात, शंभर गाड्या उभ्या राहून माती अशी घट्ट होते की खाली कोषात काय असेल ते तिथंच. पार्किंगचे पैसे रोख मिळतात, काजव्याचे कोण देतं. मी घरातसुद्धा यावर भांडते, दीर म्हणतात वहिनी तुमचं कॉलेज काढा बाहेर. पण ज्या वर्षी झाडं पेटणार नाहीत त्या वर्षी पार्किंगला पण कोण येणार आहे.

जाता जाता कोकणातल्या निळ्या लाटांबद्दल, कारण तुम्ही दोन्ही बातम्या एकाच सुरात छापता, "निसर्गाची दिवाळी" वगैरे. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूचे, देवगडचे व्हिडिओ सगळीकडे फिरले होते. तो नॉक्टिल्युका, एकपेशी जीव, धड प्राणी पण नाही, लाटेनं ढवळला की चमकतो. काजवा दिसला तर समजा जमीन ओली आहे, गोगलगायी आहेत, अंधार शिल्लक आहे, आनंदाची गोष्ट. समुद्रात तसं सरळ नाही. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात नॉक्टिल्युकाचे थर या शतकाच्या सुरुवातीपासून वाढत गेलेत आणि २०१४ ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा संबंध पाण्यातला ऑक्सिजन कमी होण्याशी लावला होता. नॉक्टिल्युका वाढला की माशांच्या खाण्याची साखळीच बदलते. त्यामुळे तिथं उजेड दिसला की टाळ्या वाजवण्याआधी एखाद्या मच्छीमाराला विचारावं, आणि गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत फोन करावा, बातमी तिथं आहे.

तर साहेब, माझं म्हणणं एवढंच की मे महिन्याच्या त्या बातमीत तारखा देऊ नका. महोत्सव कोण भरवतंय त्याची प्रेसनोट जशीच्या तशी उचलू नका. त्यापेक्षा वळीव झाला का, कुठं झाला, हे द्या, तुमचा वार्ताहर अकोल्यात आहेच. सोबत अमावस्या कधी आहे ते द्या, पंचांग तर रोज छापताच. "टॉप पाच स्पॉट" ची यादी बंद करा, तुम्ही ज्या झाडाचं नाव छापता त्या झाडाखाली पुढच्या शनिवारी उभं राहायला जागा नसते आणि जमिनीवर बसलेल्या माद्या बुटाखाली जातात. वन खात्याचे नियम शेवटच्या ओळीत बारीक टायपात असतात, ते वर घ्या. आणि बुकिंग रद्द झालं तर पैसे परत मिळतील का हे आयोजकाला विचारून छापा, बघा किती जणांना उत्तर देता येतं.

फोटोचं तेवढं राहिलं. तो जो झाड पेटल्यासारखा फोटो असतो ना, तो एका क्लिकचा नसतो. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून एकेक फोटो वीस-तीस सेकंद उघडा ठेवायचा, असे कित्येक फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचे, तासाभराच्या चमका एका चित्रात गोळा होतात. कला म्हणून मस्तच आहे, माझी काही तक्रार नाही. पण खाली तसं लिहीत चला. नाहीतर लोक पुण्या-मुंबईहून सहा तास गाडी चालवून येतात, खऱ्या झाडासमोर उभे राहतात आणि मला म्हणतात "ताई, पेपरात तर जास्त होते."

आपली,
एक नियमित वाचक
ता. अकोले, जि. अहिल्यानगर

ता. क. : नाव छापू नये ही विनंती, गावात राहायचं आहे.